भेगेचा पत्ता, भेगेची तारीख

काँक्रीटला भेग पडते यात नवल काही नाही. ओढ सोसण्याची त्याची ताकद दाब सोसण्याच्या ताकदीच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकीच असते. म्हणून तर त्यात सळई घालतात, आणि सळईवर खरा भार येतो तोच मुळी काँक्रीट बारीकसे चिरल्यावर. आयएस ४५६ या भारतीय मानकाची २००० सालची आवृत्ती हे धरूनच चालते. भेगेने नुकसान होणार नसेल तिथे ती ०.३ मिलिमीटरपर्यंत चालते, सतत ओल किंवा जमिनीचा संपर्क असेल तर ०.२, आणि वातावरण कडक असेल तर ०.१. त्यामुळे पुलाखाली उभ्या असलेल्या अभियंत्याला भेग दिसली एवढ्याने काहीच ठरत नाही. ती किती रुंद, कुठे, कोणत्या दिशेने गेलेली आणि गेल्या वर्षी होती तेवढीच आहे का, हे कळले तरच पुढचे बोलता येते. गेल्या दहा वर्षांत संगणकाला भेगा ओळखायला शिकवण्याचे काम जगभर झाले, त्यात त्रिमितीय प्रतिमांची भर पडली, आणि आता भेगा आपोआप सापडतात असा दावा सर्रास ऐकू येतो. दावा पुष्कळसा खरा आहे. पण भेग सापडणे हा या कामातला सोपा भाग आहे. तिला इमारतीच्या अंगावर कायमचा पत्ता देणे आणि तारखेसह तिची नोंद ठेवणे हा अवघड भाग आहे, आणि त्रिमितीचे मोल तिथे आहे. रायपूरसारख्या शहराने पैसा आणि बुद्धी नेमकी कुठे लावावी, हेही त्यावरून ठरते.

आधी सपाट छायाचित्रांची गोष्ट. २०१७ साली चा, चोई आणि ब्युयुकोझ्तुर्क या संशोधकांनी ४० हजार लहान चौकोनी तुकड्यांवर न्यूरल नेटवर्क शिकवले आणि तुकड्यात भेग आहे की नाही हे सुमारे ९८ टक्के अचूकतेने सांगता येते असे दाखवले. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या युटा राज्य विद्यापीठाने एसडीनेट २०१८ हा संग्रह खुला केला. त्यात पुलांचे पृष्ठभाग, भिंती आणि फरसबंदी यांचे ५६ हजारांहून अधिक तुकडे आहेत, आणि ०.०६ पासून २५ मिलिमीटरपर्यंतच्या भेगा. या दोन कामांनी क्षेत्राला वेग दिला यात शंका नाही. पण ९८ टक्के हा आकडा पुलावर नेऊन पाहिला की त्याचे रूप बदलते. एका गर्डरची ३० मीटर लांब, दोन मीटर उंच अशी एकच बाजू घ्या. ०.३ मिलिमीटरची भेग मोजायची तर छायाचित्रातला एक ठिपका ०.१ मिलिमीटरचा हवा. म्हणजे ४००० गुणिले ३००० ठिपक्यांच्या चित्रात ४० गुणिले ३० सेंटिमीटर एवढाच भाग मावतो. साठ चौरस मीटरसाठी अशी ५०० चित्रे लागतात, आणि प्रत्येकाचे २५६ ठिपक्यांचे तुकडे केले तर सुमारे ९० हजार तुकडे होतात. शंभरात दोन चुका धरल्या तर एका गर्डरच्या एका बाजूवर अठराशे चुकीचे निर्णय. भेगा असलेले तुकडे मुळात थोडे असल्यामुळे यातले बहुतेक खोटे इशारे असतील. पावसाचे ओघळ, साच्याच्या फळ्यांचे सांधे, कोळ्याची जाळी, तारेची सावली, सगळ्यांना यंत्र भेग म्हणेल. अठराशे खोटे इशारे तपासायला माणूस वर चढवायचा असेल तर यंत्राने नेमके काय वाचवले?

त्रिमितीची पहिली मदत इथे होते, आणि तिचा सर्वांत स्वच्छ पुरावा रस्त्यावर मिळतो. धावत्या गाडीच्या मागे लेझरची रेघ रस्त्यावर आडवी पाडायची आणि तिरक्या कोनातून कॅमेऱ्याने तिला पाहायचे. रस्ता सपाट असेल तिथे रेघ सरळ दिसते, भेग असेल तिथे ती खाली वाकते. तेलाचा डाग काळा असला तरी त्याला खोली नसते, म्हणून तो या यंत्राला फसवू शकत नाही. कॅनडात घडलेली अशी यंत्रणा चार मीटर रुंदीचा पट्टा आडवा एक मिलिमीटरच्या बारकाव्याने, ताशी १०० किलोमीटरपर्यंतच्या वेगात टिपते. ओक्लाहोमा राज्य विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ साली क्रॅकनेट हे नेटवर्क अशाच त्रिमितीय चित्रांवर शिकवले. १८०० चित्रांवर शिकून २०० नव्या चित्रांवर त्याने सुमारे ९० टक्के नेमकेपणा आणि ८८ टक्क्यांच्या आसपास शोधक्षमता दाखवली, तीही ठिपक्या-ठिपक्याच्या पातळीवर. तुकड्याला हो-नाही म्हणण्यापेक्षा ही परीक्षा फार कठीण आहे. आपल्याकडे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने २०२५ मध्ये त्रिमितीय लेझर बसवलेल्या सर्वेक्षण गाड्या २३ राज्यांतल्या सुमारे २१ हजार किलोमीटर महामार्गांवर फिरवण्याचे जाहीर केले. रस्त्याच्या बाबतीत तंत्र प्रयोगशाळेतून बाहेर पडले आहे, असे म्हणायला हरकत नाही.

पूल, धरण आणि इमारत यांचा मामला वेगळा आहे. रस्त्यावरची भेग अनेकदा मिलिमीटरांत मोजायची असते, पुलावरची मिलिमीटरच्या दहाव्या भागांत. तिपाईवर उभा करून फिरवायचा लेझर स्कॅनर एकेका बिंदूचे अंतर मोजताना मिलिमीटरच्या घरात चुकतो, तेव्हा ०.३ मिलिमीटरची भेग त्याला खोली म्हणून दिसणारच नाही. अनेक छायाचित्रांतून त्रिमितीय आकार उभा करायची फोटोग्रॅमेट्री जास्त बारीक जाते, पण केसाइतक्या चिरेच्या आत काय आहे हे तीही सांगत नाही. त्रिमितीत भेगेची खोली कळते असे सरसकट सांगणाऱ्यांनी ही मर्यादा उघड सांगायला हवी. मग तिचा उपयोग काय? उपयोग आहे, आणि मोठा आहे. कॅमेरा ४५ अंशांच्या कोनातून तिरका रोखला असेल तर ०.३ मिलिमीटरची उभी भेग छायाचित्रात ०.२१ इतकीच भासते, म्हणजे जवळजवळ खालच्या मर्यादेत जाऊन बसते. पृष्ठभागाचा त्रिमितीय आकार हाती असेल तर हा तिरकेपणा हिशेबात धरून खरी रुंदी काढता येते. एकच जागा पाच-सहा चित्रांतून दिसत असल्यामुळे सावली, चकाकी आणि हललेला कॅमेरा यांचे खोटे इशारे बरेच गळतात. डाग मात्र कुठूनही पाहिला तरी डागच राहतो, त्यामुळे सगळे गळत नाहीत. आणि भेग गर्डरच्या टोकापासून किती मीटरवर, तळापासून किती उंचीवर आहे, हे मोजपट्टी न लावता नोंदले जाते. त्याची किंमत मोजावी लागते. शेजारची चित्रे एकमेकांवर लांबीत ८० आणि रुंदीत ६० टक्के चढवून घ्यायची तर त्या एका गर्डरच्या एका बाजूला ५०० ऐवजी सहा हजारांवर छायाचित्रे लागतात. पुलाखाली उपग्रहाचा संकेत धड पोचत नाही, तेव्हा ड्रोनला जागा कळावी म्हणून आधी मोजून ठेवलेल्या खुणाही लावाव्या लागतात.

त्रिमितीय प्रतिमेचा आणखी एक अर्थ आहे, तो म्हणजे काँक्रीटच्या पोटातली प्रतिमा. रुग्णालयातल्या सीटी स्कॅनरमध्ये काँक्रीट घालून पाहण्याचे प्रयोग १९८० च्या सुमारास सुरू झाले. आज क्ष-किरणांनी नमुन्याचा पूर्ण घनाकार उभा करता येतो आणि भेग आत कशी वळली, खडीला वळसा घालून गेली की खडी फोडून, हे दिसते. अडचण अशी की भेग म्हणजे हवा आणि काँक्रीटमधले बुडबुडेही हवाच. दोन्ही सारखेच काळे दिसतात. फरक आकारात असतो. बुडबुडा गोल, भेग कागदासारखी पातळ आणि पसरलेली, कित्येकदा एका-दोन ठिपक्यांइतकी जाड. खऱ्या भेगेची सीमा माणसालाही हाताने आखता येत नाही, मग यंत्राला शिकवायचे कशावरून? जर्मनीतल्या कायझर्सलाऊटर्नच्या संशोधकांनी यावर चांगली वाट काढली. खऱ्या काँक्रीटच्या स्कॅनमध्ये गणिताने रचलेली खडबडीत भेग घालायची. म्हणजे भेग नेमकी कुठे आहे हे शंभर टक्के ठाऊक असते, आणि वेगवेगळ्या पद्धतींची परीक्षा त्यावर घेता येते. २०२२ साली त्यांनी केलेली तुलना या विषयातल्या सर्वांत प्रामाणिक कामांपैकी आहे असे मी मानतो, कारण उत्तरपत्रिका तपासण्याआधी खरे उत्तर काय ते त्यांनी निश्चित केले. पूल काही स्कॅनरमध्ये जात नाही. तिथून मनगटाएवढा गाभा कापून काढावा लागतो. तेव्हा सीटी हे समजून घेण्याचे साधन आहे, पाहणीचे नाही.

पत्त्याला एवढे महत्त्व का, हे कोयनेने फार महागात शिकवले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपानंतर धरणाच्या दोन्ही अंगांवर आडव्या भेगा दिसल्या. त्या कुठेही विखुरलेल्या नव्हत्या. खालच्या बाजूचा उतार जिथे एकदम बदलतो त्या पातळीच्या आसपास त्या जमल्या होत्या, आणि त्या जागेनेच कारण सांगितले: आकार बदलतो तिथे ताण गोळा होतो. धरणाला मागून काँक्रीटचे टेकू देण्याचा निर्णय त्याच वाचनातून आला. महानदीवरच्या हिराकुडचे उदाहरण रायपूरला आणखी जवळचे. ही नदी धमतरी जिल्ह्यात सिहाव्याजवळ उगम पावते, गंगरेलच्या धरणातून पुढे जाते आणि राज्याची सीमा ओलांडताना हिराकुडच्या जलाशयात शिरते. १९५७ साली लोकार्पण झालेल्या त्या धरणाच्या भेगांचे मूळ सिमेंटमधला अल्कली आणि खडी यांच्यातल्या संथ रासायनिक क्रियेत आढळले. ती क्रिया काँक्रीटला आतून फुगवते, म्हणून भेगा जाळ्यासारख्या पसरतात. तुळईच्या मध्याखाली उभी भेग वाकण्याची, आधाराजवळची तिरपी भेग कातरण्याची, सळईच्या रेषेने धावणारी भेग गंजाची. गंजलेले लोखंड मूळ जागेच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागते आणि वरचे आवरण फोडते. छत्तीसगडच्या मैदानात कन्हार नावाची काळी चिकणमाती आहे, विदर्भातल्या भारी काळ्या जमिनीची सख्खी बहीण. पावसात फुगते, उन्हाळ्यात आखडते. तिच्यावर उथळ पाया घेतलेल्या बैठ्या घरांच्या खिडक्यांच्या कोपऱ्यातून निघणारी तिरपी भेग जमिनीची असते. शंभर टक्के अचूकतेने सापडलेली पण पत्ता नसलेली भेग यातले काहीच सांगू शकत नाही.

तारखेची गोष्ट याहून नाजूक आहे. वाढणारी भेग आणि थांबलेली भेग यांचे उपाय वेगळे. थांबलेली भरून टाकता येते; वाढती भरली तर शेजारी नवी पडते. जुने अभियंते यासाठी भेगेवर आडवी काचपट्टी चिकटवून त्यावर तारीख लिहीत. काच तडकली की भेग हलली. पद्धत साधी, पण तिच्यामागचा विचार आजच्या कित्येक शोधनिबंधांपेक्षा पुढचा होता, कारण ती काळ मोजत होती. त्रिमितीय नोंद हेच काम पूर्ण पुलासाठी करू शकते, अट एवढीच की नोंद पुन्हापुन्हा आणि तुलना करता येईल अशीच झाली पाहिजे. इथे रायपूरचे हवामान आडवे येते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि हिवाळ्याच्या पहाटे दहाच्या जवळ उतरतो. काँक्रीटचा मोकळा दहा मीटर लांब तुकडा २० अंशांच्या फरकाने सुमारे दोन मिलिमीटर लांबतो किंवा आखडतो. त्यातला विसावा हिस्सा जरी एका भेगेच्या वाट्याला आला तरी ०.१ मिलिमीटरचा फरक पडतो, आणि आयएस ४५६ च्या दोन मर्यादांमधले अंतर तेवढेच आहे. उन्हाळ्यातली पहिली पाहणी आणि डिसेंबरमधली दुसरी पाहणी समोरासमोर ठेवली तर पूल बिघडत चालला असा खोटा निष्कर्ष निघेल, आणि उलट क्रमाने केली तर खरा बिघाडही झाकला जाईल. म्हणून प्रत्येक नोंदीबरोबर काँक्रीटचे तापमान आणि वेळ लिहिली गेलीच पाहिजे. धरण सुरक्षा कायदा, २०२१ मोठ्या धरणांना पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तपासणी बंधनकारक करतो. हेच वेळापत्रक पुलांनी उचलायला कोणाचीही परवानगी लागत नाही.

यावर सर्वांत जोरदार आक्षेप गोव्यातून येतो. पणजीचा मांडवीवरचा नेहरू पूल जेमतेम दीड दशक वापरात असताना ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. खाऱ्या हवेत काँक्रीटच्या आतल्या ताण दिलेल्या तारा गंजल्या होत्या. ड्रेस्डेनच्या कारोला पुलाचा एक भाग ११ सप्टेंबर २०२४ च्या पहाटे असाच नदीत गेला. तिथेही ताणलेल्या पोलादाला आतून गंजाच्या चिरा पडल्या होत्या. असे पूल वरून धडधाकट दिसत राहतात. पृष्ठभाग कितीही बारकाईने टिपला तरी आतली तार दिसणार नाही, मग हा सगळा खटाटोप कशाला, असे विचारले जाते. आक्षेप खरा आहे, आणि ज्या पुलांत ताणलेल्या तारा आहेत तिथे केवळ छायाचित्रांवर विसंबणे धोक्याचे आहे हे निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे. पण आक्षेप अर्धा आहे. त्रिमितीय पृष्ठभागावर भेगेखेरीज आकारही असतो: गर्डर किती खाली वाकला, सांध्याची फट किती उघडली, आधारावरून किती सरकला. अशा बदलाची आधीची नोंद असेल तर विचारायला जागा मिळते. जिथे आकार बदलत नाही पण शंका आहे तिथे ध्वनिलहरींची तपासणी, तार तुटल्याचा आवाज टिपणारे संवेदक आणि गाभा कापून पाहणे हेच मार्ग. कारोलाच्या उरलेल्या भागावर असे ऐकणारे संवेदकच बसवले गेले. चित्राने जागा दाखवावी आणि दुसऱ्या साधनाने आत पाहावे, अशी ही विभागणी आहे.

दुसरा आक्षेप अनुभवी माणसाच्या बाजूचा आहे: वीस वर्षे पुलांखाली वावरलेल्या डोळ्यांना यंत्राची काय गरज? अमेरिकेच्या संघीय महामार्ग प्रशासनाने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४९ व्यावसायिक तपासनीसांना तेच पूल तपासायला दिले. शून्य ते नऊच्या मापावर एकाच घटकाला दिलेले गुण सरासरीच्या वर-खाली दोन-दोन गुणांपर्यंत पसरले. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळच्या हिमालय पादचारी पुलाचा स्लॅब १४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी गर्दीच्या वेळी खाली आला आणि माणसे गेली. त्या पुलाचे स्ट्रक्चरल ऑडिट आधी झालेले होते आणि किरकोळ दुरुस्तीने तो वापरण्याजोगा ठरला होता. अशा वेळी अहवालात नेमके काय पाहिले, कुठून पाहिले, हे दुसऱ्याला पुन्हा तपासता येत नाही ही खरी उणीव आहे. त्रिमितीय नोंद तपासनीसाची जागा घेत नाही. त्याने पाहिलेले दुसऱ्या तपासनीसाला पाच वर्षांनी जसेच्या तसे पाहता येईल, एवढे ती करते. केंद्राने २०१६ साली भारतीय पूल व्यवस्थापन प्रणाली सुरू करून दीड लाखाहून अधिक पूल आणि मोऱ्यांची मोजदाद केली आणि पुलाला गाडीसारखा क्रमांक दिला. पुलाला पत्ता मिळाला. पुलावरच्या भेगेला अजून नाही.

रायपूरसाठी यातून काय निघते? पहिली गोष्ट, बाहेरच्या संग्रहांवर शिकलेले यंत्र इथे जसेच्या तसे चालेल असे धरू नये. उरला आणि सिलतरा इथल्या स्पंज आयर्न कारखान्यांच्या काजळीची तक्रार रायपूरकर वर्षानुवर्षे करत आले आहेत. त्या काळ्या थराखाली आणि पावसाळ्यानंतरच्या शेवाळाखाली भेग वेगळी दिसते. इथे भिलाईच्या स्लॅगचे सिमेंट वापरले जाते, कोरब्याच्या राखेचेही. पृष्ठभागाचा रंग आणि पोत त्याप्रमाणे बदलतो. स्थानिक छायाचित्रांचा, अनुभवी अभियंत्यांनी खुणा केलेला संग्रह हवा. १९५६ पासून उभी असलेली आजची रायपूरची एनआयटी, नवा रायपूरची ट्रिपल आयटी आणि शेजारचे आयआयटी भिलाई या तिघांना मिळून ते काम अवघड नाही, आणि पुण्याजवळ खडकवासल्याला १९१६ पासून जल व विद्युत संशोधन केंद्र आहे, जिथे धरणांचा अनुभव साठलेला आहे. काही हजार स्थानिक चित्रे एखाद्या नव्या नेटवर्कच्या नावापेक्षा जास्त उपयोगी पडतील.

दुसरी गोष्ट वयाची. छत्तीसगड राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी झाले आणि रायपूर राजधानी बनले. शहरातले कितीतरी उड्डाणपूल, नवा रायपूरचे २००८ सालचे क्रिकेट स्टेडियम, २०१२ मध्ये कामकाज सुरू झालेले महानदी भवन हे त्यानंतरच्या पंचवीस वर्षांतले काँक्रीट आहे. मुंबई महानगरपालिका अधिनियमातले कलम ३५३ ब इमारत तीस वर्षांची झाली की स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचे करते. त्या मापाने पाहिले तर राजधानी झाल्यानंतर बांधलेले पहिले काँक्रीट येत्या पाच वर्षांत तपासणीच्या वयाला पोचेल, आणि मागोमाग एक पूर्ण पिढी. तेव्हा पडताळायला आजची नोंद लागेल, आणि ती तेव्हा मागे जाऊन करता येणार नाही. काँक्रीट अजून बरे आहे तोवरच हे काम स्वस्त आणि निवांत होते. पुढच्या पावसाळ्याआधी महानगरपालिकेने आणि सार्वजनिक बांधकाम खात्याने शहरातल्या दहा पुलांची त्रिमितीय नोंद करावी, काँक्रीटच्या तापमानासह. पावसाळ्यानंतर तीच पुन्हा करावी. आणि दोन्ही नोंदी संशोधकांना आणि नागरिकांना पाहण्यासाठी खुल्या ठेवाव्यात.